संत्रीवाल्याची पायरी

आमच्या जयनगरच्या घरात शिरायला तीन कुलपं उघडावी लागायची. एक व्हरांड्याच्या जाळीच्या दाराला आणि दोन आतल्या लाकडी दाराला. तिन्हींच्या किल्ल्या माझे सासरे नरसिंहराव यांच्या जानव्याला बांधलेल्या. जानवं आखूड आणि कुलूप खाली, त्यामुळे दार उघडताना ते कमरेत पुरते वाकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस कुलपाला नमस्कार करतोय. फार चुकीचं वाटलं नव्हतं.

नरसिंहरावांना घरात सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी उभा जन्म एका सरकारी घड्याळांच्या कारखान्याच्या फाटकावर काढला, सुरक्षा अधिकारी म्हणून. सुटणाऱ्या पाळीतले कामगार डब्यातून घड्याळं पळवतील, ही त्यांच्या आयुष्यातली मुख्य भीती. ते परतणाऱ्या डब्यांतल्या उरलेल्या सांबारात चमचा फिरवून बघायचे. घड्याळ कधी सापडलं नाही, पण कोणाच्या घरी सांबार पातळ होतं हे त्यांना अजून पाठ आहे. निवृत्त झाले ते कारखान्यातून, फाटकावरून नाहीत. फाटक फक्त बदललं.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन या घरात आले त्याला सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत मला घराची किल्ली मिळालेली नव्हती. माझा नवरा श्रीहर्ष याच्याकडे होती, कारण तो या घरात जन्मला. तो महिन्यातले तीन आठवडे कामासाठी हैदराबादला असतो, म्हणजे किल्ली हैदराबादला राहायची आणि मी जाळीबाहेर. त्याच्या किल्लीवरून गुपचूप नक्कल करून घेता आली असती, मैत्रिणींनी तो सल्ला शंभरदा दिला. पण मला चोरलेली किल्ली नको होती, दिलेली हवी होती. या बाबतीत मी हट्टी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कोरमंगलाच्या ऑफिसातून निघून, डेअरी सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य घालवून मी घरी यायची, बेल दाबायची आणि आतून चौकशी सुरू व्हायची.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"स्मृती."

"एकटी?"

"हो अण्णा."

"मागे काय ते?"

"डास."

हे ते जागेवर असले तर. ते संध्येला बसलेले असले तर बोलतही नाहीत आणि उठतही नाहीत. सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, मालिकेच्या आवाजात बेल ऐकू येत नाही. एकदा मी जरा तडकून बोलले, तेव्हा अण्णांना खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी जाळीबाहेर एक स्टूल आलं. सुनेला ताटकळत उभं राहावं लागू नये म्हणून! किल्ली मागितली तर फर्निचर देणारा हा एकमेव माणूस माझ्या पाहण्यात आहे.

आता गंमत बघा. हेच अण्णा रोज सकाळी पार्कात पॅलेस्टाईनला स्वतंत्र राष्ट्र मिळालं पाहिजे म्हणून भांडतात.

भांडतात ते शेषगिरीरावांशी. शेषगिरीराव आमच्या समोरच्याच घरात राहतात, विमा कंपनीतून निवृत्त. दोघांचीही घराणी तीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इकडे कानडी मुलखात आलेली, दोघांचंही मराठी निम्मं कानडी, दोघांनाही मधुमेह. पार्काला चार फेऱ्या मारायच्या आणि मग बाकावर बसून पश्चिम आशियाचा प्रश्न सोडवायचा, हा नेम. शेषगिरीरावांचं म्हणणं, आधी सुरक्षेची हमी, मग राष्ट्र. अण्णांचं म्हणणं, आधी राष्ट्र, बाकीचं बसून ठरवा.

"नरसिंहा, स्वल्प विचार कर," शेषगिरीराव म्हणायचे. "माणसं कुंपण तोडून आत शिरली, घराघरांत जाऊन मारलं, पोरं-म्हातारी ओलीस नेली. त्या आईला जाऊन सांग, आता शेजारी नवीन राष्ट्र होणार म्हणून. ती झोपेल काय?"

यावर अण्णा गप्प व्हायचे, कारण यावर गप्पच व्हायला होतं. मग थोड्या वेळाने म्हणायचे, "आणि तिकडं ढिगाऱ्याखाली पोरं गेली, त्यांच्या आईला काय सांगतोस? अजून थांब?"

मग शेषगिरीराव गप्प व्हायचे. मग दोघं इडली खायला जायचे.

यातला खरा विनोद असा की सुरक्षेची बाजू लढवणाऱ्या शेषगिरीरावांच्या घराला कुलूपच नसतं. फाटक सताड उघडं. एकदा एक गाय त्यांच्या हॉलपर्यंत जाऊन, थोडा वेळ टीव्ही बघून परत आली. आणि स्वातंत्र्याची बाजू लढवणारे अण्णा घरी येऊन तीन कुलपं लावणार. मी एकदा दोघांसमोर हे बोलून दाखवलं. दोघांनीही माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि अण्णा म्हणाले, "ते राजकारण गे, हे घर."

अण्णांच्या या पॅलेस्टाईन-प्रेमाला एक कारण आहे. ऐंशीच्या दशकात कारखान्यात परदेशी शिकाऊ लोकांची एक तुकडी आली होती. फाटकावर प्रत्येकाच्या देशाचं नाव यादीशी ताडून आत सोडायचं होतं. एक तरुण म्हणाला, पॅलेस्टाईन. यादीत असा देशच नव्हता. वर विचारायला माणूस पाठवला, तो येईपर्यंत अण्णांनी त्या तरुणाला फाटकाबाहेर एका स्टुलावर बसवलं. तो सकाळभर बसला. चिडला नाही. पिशवीतून संत्री काढून त्याने एक अण्णांना दिलं, एक त्यांच्या हाताखालच्या शिपायाला.

"मी त्याला म्हटलं, सॉरी," अण्णा सांगतात. "तर तो हसून म्हणतो, सर, आय अ‍ॅम व्हेरी गुड अ‍ॅट वेटिंग. मला ते संत्रं गिळवेना. मी उठून फाटक उघडलं. वरून उत्तर यायच्या आधी. सगळ्या नोकरीत तेवढं एकदाच."

ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मला तिच्यातल्या संत्र्याच्या बियासुद्धा माहीत आहेत.

गेल्या वर्षी नवरात्रात आमच्या रस्त्यावरच्या रहिवाशांच्या संघाने गोंब्यांची स्पर्धा ठेवली. गोंबे म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्या. पायऱ्या रचून त्यांच्यावर मांडायच्या आणि नऊ संध्याकाळ आल्यागेल्याला दाखवायच्या. विषय होता, 'जग'. अक्का उत्साहात आल्या. त्यांच्याकडे चार पेट्या भरून बाहुल्या आहेत. वरच्या पायऱ्यांवर देव, त्यांना त्यांनी राजकारणात ओढायचं नाही असं ठरवलं. खालच्या पायऱ्यांवर देश. मी ऑफिसात छोटे कागदी झेंडे छापून आणले आणि काड्यांना चिकटवले. लग्नाच्या वरातीचा संच युरोप झाला, कारण सगळे एकत्र चाललेले असतात पण कोण कुणाचा ते कळत नाही. त्या वरातीतला छत्रीवाला वेगळा काढून बाजूला उभा केला, तो इंग्लंड. व्हायोलिन वाजवणारी बाई इस्रायल. डोक्यावर टोपली घेतलेला मातीचा संत्रीवाला कोणता देश होणार हे अण्णांना विचारावं लागलं नाही.

मांडणी अमावास्येच्या रविवारी सुरू झाली आणि त्याच संध्याकाळी बातमी आली की इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरेंनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली. अण्णा टीव्हीसमोर उभे राहिले.

"आपण अठ्ठ्याऐंशीलाच दिली!" ते असे म्हणाले की जणू सही त्यांनीच केली होती. मग वळून बाहुल्यांकडे पाहिलं. संत्रीवाला सर्वांत खालच्या पायरीवर, हत्ती आणि क्रिकेटच्या संघामध्ये दाटीवाटीने उभा होता. "अगे, हा असा दाटीत का? ह्याला वेगळी पायरी दे."

अक्का म्हणाल्या, "देता येत नाही. पायऱ्या सात आहेत. एक वाढवली की आठ. गोंब्यांना सम पायऱ्या चालत नाहीत, विषमच हव्यात."

"मग?"

"मग वाढवायच्या तर दोन. नाहीतर नको."

शेषगिरीराव तेव्हा आमच्याकडे कॉफी प्यायला आले होते. त्यांनी कप खाली ठेवला. "अय्यो! हे तर दोन राष्ट्रांचं सूत्रच झालं की. अक्का, तुम्ही इथं काय करताय, तुम्हाला न्यूयॉर्कला पाठवायला पाहिजे."

ठरलं. एक पायरी संत्रीवाल्याला, एक व्हायोलिनवालीला. चामराजपेटहून फळ्या आल्या, नऊ पायऱ्या उभ्या राहिल्या, आणि तेव्हा लक्षात आलं की सर्वांत वरच्या कलशावरचा नारळ छताच्या पंख्याला जवळजवळ टेकतोय.

शेषगिरीरावांना आयुष्यात इतका आनंद क्वचित झाला असेल. "बघ! मी काय म्हणत होतो? राष्ट्र दिलंस, सुरक्षेचा विचार केला नाहीस. पंखा लागला की सगळ्या जगाचा चुरा!"

मग वाटाघाटी सुरू झाल्या. शेषगिरीरावांनी अटी घातल्या आणि अण्णांनी एकेक मान्य केली; देश मिळतोय म्हटल्यावर माणूस काहीही मान्य करतो. पंखा नऊ दिवस बंद. दोन पायऱ्यांच्या मध्ये नाचणीच्या कोवळ्या हिरवळीचा पट्टा. त्या पट्ट्यावर शांतिसेना म्हणून बँडवाल्यांचा संच उभा राहील. संत्रीवाल्याच्या झेंड्याची काडी टोकदार आहे, ती बोथट करायची. व्हायोलिनवालीच्या गजाचं टोकही मग बोथट करायचं, अशी अण्णांची उलट अट. टोपलीतली संत्री मोजून घ्यायची, असंही शेषगिरीराव म्हणाले, तेव्हा अक्कांनी दोघांना हॉलमधून हाकललं.

सुरक्षेची अंमलबजावणी अर्थातच अण्णांकडे. दाराजवळच्या बोर्डावर चार बटणं आहेत. त्यातल्या पंख्याच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी लावली आणि तीवर कानडीत लिहिलं, मुट्टबेडी. हात लावू नका.

त्याच रात्री जेवताना मी विषय काढला. म्हटलं, "अण्णा, संत्रीवाल्याला पायरी मिळाली. मला किल्ली कधी?"

अण्णांनी ताकभात कालवणं थांबवलं. "तत्त्वतः माझा विरोध नाही गे. तुझा हक्कच आहे. पण वेळ यायला पाहिजे. आधी सुरक्षेची व्यवस्था. तुझी पर्स हरवली तर? ऑफिसात कोणी ठसा घेतला तर? आधी तुझ्याकडून हमी, मग किल्ली."

शब्द शेषगिरीरावांचे, ताटात भात अण्णांचा. सहा वर्षं मी या घरात भाजी आणते, औषधं आणते, यांच्या साखरेचे आकडे मला पाठ, आणि हमी कसली द्यायची? मला इतका राग आला की मी ताक न पिता उठले. नंतर लाजही वाटली. तिकडे माणसं मरताहेत आणि मी फार तर अर्धा तास डासांत बसते. दोन्ही गोष्टी एका वाक्यात आणू नयेत. पण राग काही असा ताळतंत्र बघून येत नाही. तो रात्रभर राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी संघाच्या बायका परीक्षणासाठी आमच्याकडे येणार होत्या. संघाच्या सेक्रेटरी रंजिताबाई हौशी. त्यांनी ठरवलं, नुसत्या बाहुल्या कसल्या बघायच्या, नरसिंहराव आणि शेषगिरीराव दोघांनी पाच-पाच मिनिटं बोलावं. भाड्याचा माईक आला. तो लावायला प्लग नव्हता म्हणून व्हरांड्यातली दिव्यांची माळ काढून तिच्या जागी तो लावला. व्हरांडा अंधारात गेला. मागच्या वर्षी कुणाच्या तरी नव्या चपला गेल्या होत्या, म्हणून सगळे आत आल्यावर अण्णांनी चपलाही व्हरांड्यात घेतल्या आणि जाळीला कुलूप घातलं.

हे सगळं मला नंतर कळलं. मी पोचले तेव्हा एवढंच दिसलं की हॉल माणसांनी भरलाय, खिडकी उघडी आहे आणि जाळी बंद. बेल दाबली. माईकच्या आवाजात ती मलासुद्धा ऐकू आली नाही. दोनदा हाका मारल्या. शेवटी स्टुलावर बसले.

आत शेषगिरीरावांचं संपत आलं होतं. "भीती ही खोटी गोष्ट नव्हे," ते म्हणत होते. "ज्याच्या घरात एकदा शिरलेत तो कडी लावणारच. त्याला हसू नका." टाळ्या पडल्या. हे मलाही पटलं, प्रामाणिकपणे सांगते.

मग अण्णांनी माईक घेतला. त्यांनी कारखान्याच्या फाटकाची गोष्ट सांगितली. संत्र्यापाशी नेहमीप्रमाणे चष्मा काढून पुसला. मग त्यांनी आवाज चढवला.

"शेषगिरी म्हणतो, आधी हमी द्या. सरी, मान्य. पण विचारतो मी, हमी द्यायची कशी? दाराबाहेर बसवून ठेवलेला माणूस भला आहे हे सिद्ध कसं करणार? तो फक्त बसू शकतो! तुम्ही त्याला म्हणता, तत्त्वतः तुझा हक्क आहे, पण वेळ आली नाही. वेळ कोण ठरवणार? ज्याच्याकडे किल्ली आहे तो! म्हणजे वेळ कधी येणार? माझ्या भगिनींनो, आपल्याच घराच्या दारात जो परवानगीची वाट बघत बसलाय, त्याला स्टूल देऊन उपयोग नाही. स्टूल म्हणजे न्याय नव्हे!"

मी टाळ्या वाजवल्या.

मला ठरवून काही करायचं नव्हतं. हात आपोआप उठले. पण आत सगळे भाषणात इतके गुंगले होते की टाळी फक्त बाहेरून आली, आणि साऱ्या बायकांनी एकदम खिडकीकडे माना वळवल्या. त्यांना दिसलं ते असं: जाळीपलीकडे अंधारात, स्टुलावर, लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन नरसिंहरावांची सून बसलेली आहे आणि टाळ्या वाजवते आहे.

मग शेषगिरीराव हळूच म्हणाले, "नरसिंहा, ही कोणत्या देशाची रे?"

पहिल्यांदा रंजिताबाई हसल्या आणि मग सगळा हॉल. अण्णा लगबगीने दाराकडे निघाले. माईक हातातच. जानवं ओढून किल्ली शोधायला लागले, तो खुळखुळाट माईकवरून रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. अंधारात कुलूप दिसेना. तेव्हा त्यांनी व्हरांड्याचा दिवा लावण्यासाठी बोर्डावरचं पट्टीशेजारचं बटण दाबलं.

आणि पंखा सुरू झाला.

चार दिवसांपूर्वी अण्णांनी पट्टी लावली होती ती व्हरांड्याच्या दिव्यावर! कडेकोट बंदोबस्त, फक्त बटण चुकलेलं. पंख्याने आधी नारळाची शेंडी उडवली, मग कलशातली आंब्याची पानं. पानांचे तुकडे बायकांच्या केसांत, कोशिंबिरीत, रंजिताबाईंच्या गुणपत्रिकेवर पडायला लागले. अक्का "अय्यो देवा, माझा वेंकटेश!" म्हणून ओरडल्या. तेवढ्यात शेषगिरीरावांनी सत्तरीच्या गुडघ्यांनिशी बोर्डाकडे झेप घेतली आणि चारही बटणांवर एकदम पंजा मारला. सगळा अंधार झाला. पण पंखा थांबला.

दिवे लागले तेव्हा देव जागेवर होते. युरोपाच्या वरातीतले दोघे आडवे झाले होते. व्हायोलिनवाली आणि संत्रीवाला आपापल्या पायरीवर जसेच्या तसे. कलशावर टकला नारळ.

"बघितलंस?" शेषगिरीराव धापा टाकत म्हणाले. "सुरक्षा, सुरक्षा म्हणून मी ओरडतो ते उगाच नाही."

अण्णांनी मान खाली घातली. तेवढ्यात अक्का बोलल्या. अक्का चारचौघांत नवऱ्याला बोलत नाहीत, म्हणून सगळे ऐकायला लागले.

"अहो, पंखा लावला कुणी? तुम्हीच. आत होतात तुम्ही. जिच्यापासून घर सांभाळत होतात ती तर कुलपाबाहेर होती."

पाहुणे गेल्यावर अण्णा माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "जाळीची किल्ली तुला देतो. आतलं दार माझ्याकडे."

मी म्हटलं, "नको."

"जाळीची आणि खालच्या कुलपाची. सात ते नऊ वापरायची."

"अण्णा, पूर्ण द्या. नाहीतर मी आहे तशी बेल वाजवीन. माझं स्टूल आहे."

ते अक्कांकडे बघायला लागले. अक्का संत्रीवाल्याच्या टोपलीतलं आंब्याचं पान वेचत होत्या. न बघताच म्हणाल्या, "श्रीहर्ष तान्हा होता तेव्हा चोर आला होता, हिला सांगितलंत कधी? तुम्ही रात्रपाळीला. चोर मागच्या दारानं आला, चार भांडी घेऊन गेला. मी पोराला छातीशी धरून संडासात बसले होते. त्यानंतर हे तिसरं कुलूप आलं." मग त्या वळल्या. "चोर आला तेव्हा घरात मी होते हो. भ्यायले मी. पण मी पुन्हा झोपायला लागले त्याला तीस वर्षं झाली. चोर एकदा आला. ही सहा वर्षं रोज येतेय."

अण्णांनी सदऱ्यात हात घालून जानवं बाहेर काढलं. त्याला सहा किल्ल्या होत्या. मला इतके दिवस वाटायचं, कपाटांच्या वगैरे असतील. त्यांनी तीन सोडल्या.

"लग्नाच्या आठवड्यातच करून आणल्या होत्या," ते म्हणाले. "तुझ्याच आहेत. योग्य वेळ बघत होतो."

दर श्रावणीला जानवं बदलतात. म्हणजे दर वर्षी नवं जानवं घालताना या माणसाने माझ्या किल्ल्या न चुकता त्यात बांधल्या होत्या आणि पुन्हा गळ्यात घातल्या होत्या. मला रडू आलं आणि त्यांचा गळा दाबावासाही वाटला. दोन्ही एकदम.

लगेच लावून बघायचं ठरलं. जाळी उघडली. खालचं कुलूप उघडलं. वरचं उघडेना. ते कुलूप मध्यंतरी बदललं होतं आणि माझी किल्ली जुन्याचीच राहिली होती.

"इतकी वर्षं थांबलं की असंच होतं," शेषगिरीराव म्हणाले. ते अजून घरी गेले नव्हते.

अण्णांनी पेचकस आणला आणि ते वरचं कुलूप दारातून काढूनच टाकलं. तिथे आता एक भोक आहे. त्यातून वारा येतो.

विजयादशमीच्या रात्री गोंब्यांचा शेवट करताना एक बाहुली आडवी करून निजवायची रीत आहे. तिचं काम झालं म्हणून. अक्कांनी हाताला आला तो संत्रीवाला उचलला. अण्णांनी त्यांचा हात धरला.

"त्याला नको निजवू. त्याचं कुठं झालंय अजून?"

अक्कांनी युरोपातल्या एकाला निजवलं. बाकीचं जग पेट्यांत गेलं, पायऱ्या सुटल्या, पंखा फिरायला लागला. मग अण्णा बाहेर गेले आणि जाळीजवळचं माझं स्टूल उचलून आत घेऊन आले. "बाहेर बसायला आता कोणी नाही," ते म्हणाले. ते त्यांनी दाराच्या आत, भिंतीला लावून ठेवलं आणि त्यावर संत्रीवाल्याला उभं केलं. झेंड्यासकट.

तो अजून तिथेच आहे. संध्याकाळी मी माझ्या किल्लीने दार उघडते, तेव्हा आतून सवयीने आवाज येतो, "कोण?" आणि मी उत्तर द्यायच्या आत अण्णा स्वतःच म्हणतात, "सरी, सरी, ये." मी चपला काढते आणि समोर तो दिसतो, डोक्यावर टोपली घेऊन स्टुलावर थांबलेला. माझं किती सहज झालं, असं वाटून त्याच्याकडे बघताना मला रोज थोडं अवघडल्यासारखं होतं.